का मोडलं, विचारायचं नाही

कारखान्याची धुराडी पेटली की आठ दिवसांत आमच्या हातकणंगल्याच्या रस्त्याची तऱ्हाच बदलते. दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर येतात. बाहेर आलेली उसाची टिपरं बाजूने जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर सपकन बसतात. वर भोंगे, गाणी, शिट्ट्या. हवेत मळीचा आंबूस वास. तोड झालेल्या फडात पाचट पेटवतात आणि त्याची काळी राख दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर येऊन बसते. फडाच्या कडेला चार माणसं काठ्या घेऊन उभी असतात. जाळातून ससा निघो, घोरपड निघो, नाहीतर होरपळलेला साप निघो, निघेल त्याला ठेचायचं. त्यातलं काही खायचं असतं आणि काही नुसतंच ठेचायचं असतं.

लोकांना हंगाम म्हटलं की गूळ आठवतो, काकवी आठवते. मला या दिवसांत उजव्या हाताची मूठ आपोआप आवळलेली सापडते. चहा पितानासुद्धा. गावातली हसीनाभाभी म्हणते, "मिस्त्री, कारखान्याबरुबर तुमचा बी बॉयलर पेटतोय बघा."

तिचं खरं आहे. परवाच एक गडी आमच्याकडून वापरायला नेलेला फवारणीचा पंप परत घेऊन आला. पंपाची नळी मधोमध मोडलेली. मी पंप हातात घेतला आणि विचारलं, "कसा मोडला?"

तो वैतागला. "मिस्त्री, पंपाचं बी इचारतासा व्हय? आदी हितं कोन इचारत न्हवतं म्हनून तर यायचो आमी."

"आता इचारतो. कसा मोडला?"

"बांधाव आपटला."

"बांधावच आपटला न्हवं? कुनाच्या टकुऱ्यात न्हाय?"

"काय बोलतासा राव!" म्हणत तो तणतणत निघून गेला. मी त्याच्या घरापर्यंत जाऊन चौकशी करून आलो. पंप खरोखरच बांधावर आपटला होता. त्याची बायको माझ्यावर हसली, आणि ती हसली म्हणून मला बरं वाटलं.

आमच्या गावात एक खोली आहे. दूध संस्थेची जुनी, पत्र्याची. तिला 'देवघेवीची खोली' असं भारदस्त नाव दिलं होतं, पण लोक नुसतं 'खोली'च म्हणतात. पुराच्या वर्षी आमच्याकडे घराघरांत छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चहूकडून मदत आली, आणि ती अशी आली की कुणाला चार-चार इस्त्र्या आणि कुणाला एक चमचा नाही. वाटपावरून भांडणं जुंपली. तेव्हा हसीनाभाभी उठून उभी राहिली. भाभी शिवणकाम करते. तिच्या मशीनवर निम्म्या गावाचे झंपर शिवून झालेत, त्यामुळे तिचं सगळे ऐकतात. ती म्हणाली, "वाटताय कशाला? एका जागी ठेवा. ज्याला लागंल त्यानं न्यावं, काम झालं की आनून ठेवावं." अशी ती खोली झाली. शिड्या, पहारी, ड्रिल मशीन, ट्रॉलीखाली लावायचा जॅक, शेवयांचं यंत्र, लग्नाची मोठी पातेली, आजारी माणसाची लोखंडी खाट, कुबड्यांच्या तीन जोड्या. भाभी वही सांभाळायची आणि मी दुरुस्ती.

दुरुस्ती माझ्याकडे आली, कारण मी शिरोलीला फाउंड्रीत सव्वीस वर्षं फेटलर होतो. साच्यातून कास्टिंग निघालं की त्याच्या अंगावर बुरी असते, कडा असतात, खपल्या असतात. त्या छिनीने तोडायच्या, ग्राइंडरने घासायच्या आणि माल गुळगुळीत करून पुढे पाठवायचा. माझ्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत, मोजायला बसलात तर दिवस जाईल. आणि डोकं असं की एकदा सुपरवायझरने आईवरून शिवी दिली, तर मी हातातला हातोडा फेकला होता. तो त्याच्या कानाजवळून गेला. दोन बोटं अलीकडे असता तर माझी सव्वीस वर्षं दुसरीकडेच गेली असती. हे सांगतो, कारण पुढचं ऐकताना मी कुणी साधुसंत आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

खोलीचा एकच नियम होता आणि आम्हाला त्याचा फार अभिमान होता. पहिल्याच वर्षी एका म्हातारीकडून मिक्सरचं भांडं फुटलं. लाजेने ती चार महिने खोलीकडे फिरकली नाही. भाभी दिसली की बोळातून पळायची. शेवटी भाभीने तिला घरी जाऊन गाठलं आणि तिथेच ठरवलं, की मोडलं तर आणून ठेवायचं, मिस्त्री दुरुस्त करतील, पण का मोडलं, कसं मोडलं, कुणी मोडलं, हे विचारायचं नाही. दारावर खडूने लिहिलं होतं, 'का मोडलं, विचारायचं नाही.' ज्या गावात रस्त्याने जाणाऱ्या परक्याला "पावणं, कुठलं? कुनाकडं? पोरीबाळी किती?" हे सगळं विचारल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, त्या गावात न विचारण्याची ही एक जागा होती. शेजारच्या गावांतून लोक बघायला यायचे. मी त्यांना छाती फुगवून तो नियम वाचून दाखवायचो.

आता त्या छातीत कुणीतरी छिनी घालावी असं वाटतं.

सुरेखा पहिल्यांदा खोलीत आली ती अशाच हंगामात. तिचा नवरा तानाजी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगाम सुरू झाला की त्याला झोप नाही, घरचं जेवण नाही, वजनकाट्यावर ट्रॅक्टरच्या रांगेत दहा-दहा तास बसणं आणि बसल्या-बसल्या दारू. रांगेत कुणाशी तरी हमरीतुमरी व्हायची. तिथे जे कुणाला मारता आलं नाही ते घेऊन तो घरी यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. घराच्या भिंती काही किल्ल्याच्या नव्हत्या.

सुरेखा दर पंधरा दिवसांनी काहीतरी न्यायची. जर्मनचं पातेलं, लाटणं-पोळपाट, पितळी परात, एकदा लाकडी स्टूल. आणि दर वेळी ते मोडून आणायची. पातेल्याला हा एवढा पोचा, लाटण्याचे दोन तुकडे, स्टुलाचा पाय निखळलेला. वस्तू माझ्यापुढे ठेवायची आणि उभी राहायची. इतर बाया ठेवून लगेच जायच्या, ही उभी राहायची. मी पोचा बघून ऐरण पुढे ओढायचो, आणि वर थट्टा करायचो.

"सुरेखा, तुझ्या हाताला भांडी काय सोसत न्हाईत बघ."

"न्हाय सोसत, मामा," ती म्हणायची. पदर डाव्या गालावर ओढलेला असायचा.

मी ठोकत बसायचो. ती बघत उभी राहायची. पातेलं वाटोळं झालं की घेऊन मांडणीवर ठेवायची, आणि थोडा वेळ आणखी थांबून जायची. मला वाटायचं, पोरीला माझं काम बघायला आवडतं. इतका मी शहाणा.

आमच्या बोलण्याचंही एक आहे. आम्ही मिसळ खात नाही, हाणतो. गाडी पळवत नाही, पिटाळतो. मित्राला प्रेमाने हाक मारायची तर "ये की मुडद्या" म्हणतो. पोराला पहिला नंबर मिळाला तर "जाळ काढला पोरानं" म्हणून पाठीत असा धपाटा घालतो की पोरगं कळवळतं. सकाळी चहाच्या गाड्यावर तानाजी म्हणायचा, "काल दिली की दोन ठेवून," आणि आम्ही हसायचो. मीही हसलोय. कुणाला दिल्या, कुठे दिल्या, हे न विचारता हसलोय. बोलण्यात मार इतका पसरलाय की खरा मार त्यात मिसळून जातो, आणि मग ऐकूनही ऐकू येत नाही.

तिसऱ्या हंगामात तिने एक मोठं पातेलं परत आणलं. कान एका बाजूने उखडलेला. ती उभी राहिली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी शिडी मागायला आलं, म्हणून ती पातेलं ठेवून गेली. मी ते उजेडाला धरलं. कानाच्या रिबिटात चार-पाच केस अडकले होते. लांब, बाईचे. मुळाशी त्वचेचा एवढासा तुकडा होता आणि काळपट वाळलेलं रक्त.

मी काय केलं? मी बारीक पक्कड घेतली, ते केस एक-एक करून उपटून काढले, पातेलं नळाखाली धुतलं, नवी रिबीट मारली, कान सरळ केला आणि पोचा काढला. बुरी दिसली की काढून टाकायची, हे हाताला सव्वीस वर्षांचं वळण. ते केस मी कचऱ्यात टाकले नाहीत, एवढंच. ते कागदात गुंडाळून खिशात ठेवले आणि भाभीकडे गेलो. कागद उघडून दाखवला. तिने पायाखालची मशीन थांबवली.

"कुनाचं?" भाभीने विचारलं.

"सुरेखाचं."

तिने कागद पुन्हा दुमडून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "या अल्ला. मिस्त्री, आपुन इचारलं तर उद्यापास्नं ती यायची बंद हुईल. हितं येती तवर जित्ती हाय हे तरी कळतंय की."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. नियम आमचा होता, चांगल्या मनाने केलेला होता, आणि त्याच्याआड उभं राहायला दोघांना पुरेल एवढी जागा होती. मी कागद चुलीत टाकला. केस जळल्याचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. फडात पाचट पेटलं की लोकांना धुराचा वास येतो, मला तोच येतो.

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी, तानाजी स्वतः खोलीत आला. त्याच्या दारात भरलेल्या ट्रॉलीचं चाक बसलं होतं. त्याला जॅक हवा होता आणि जॅकचा लोखंडी दांडा. मी जॅकला तेल घातलं, दोनदा वरखाली करून बघितला आणि त्याच्या हातात दिला. "सांभाळून रं, माल भरल्याला हाय, घसरंल," असंही म्हणालो. चाक घसरून तानाजीला लागू नये याची मला काळजी होती.

अकराच्या सुमारास मी ऐरणीवर काम करत होतो. त्याचं घर खोलीपासून हाकेच्या अंतरावर. लोखंड लोखंडावर पडलं की खणकन वाजतं, ते माझ्या कानाला झोपेतही कळतं. तेव्हा जो आवाज आला तो वाजला नाही. बद्द झाला. मग पुन्हा एकदा, तसाच. कुणी ओरडलं नाही. मी हातातलं टाकून पळालो.

ट्रॉलीशेजारी सुरेखा पडलेली होती. खालचा जबडा एका बाजूला गेलेला. उसाच्या पाल्यात दोन दात पडले होते, स्वच्छ, पांढरे. डावा हात कोपराच्या खाली जिथे सांधा नसतो तिथे वाकलेला होता. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, म्हणजे श्वास चालू होता. चहाची कपबशी फुटून पडली होती. चहा गार होता म्हणून, असं नंतर लोक म्हणाले. भोवती दहा-बारा माणसं होती. ऊसतोडीच्या तीन बाया हातात कोयते घेऊन उभ्या होत्या. शेजारचे दोन पैलवान होते, त्यांच्या एका हातात तानाजी मावला असता. कुणी हललं नव्हतं. घरातलं भांडण होतं ना ते.

तानाजी धापा टाकत उभा होता, ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस उभा राहतो तसा. त्याने मला बघितलं आणि हातातला दांडा माझ्यापुढे धरला.

"घ्या मिस्त्री," तो म्हणाला, "झालं काम."

तो चेष्टा करत नव्हता. खोलीची वस्तू होती, काम झालं होतं, तो ती परत देत होता. मी विचारणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी दांडा घेतला. तो माझ्या हाताला चिकटला. आणि मी तो फिरवून त्याच्या गुडघ्यावर घातला. वाटी फुटल्याचं मला दांड्यातून हाताला कळलं. तो खाली बसला, तेव्हा दुसरा खांद्यावर घातला. तिसरा फासळ्यांत. तो "मिस्त्री, मिस्त्री" म्हणत होता. मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकं बरं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय. चौथा मी डोक्यासाठी उचलला होता. तेव्हा दोन्ही पैलवान पुढे आले आणि मागून आणखी दोघे. त्याला कुणी धरलं नव्हतं, मला मात्र चौघांनी धरलं. मी त्यांच्या हातात लाथा झाडत होतो, आणि भाभी रस्त्यात बसून आपली ओढणी सुरेखाच्या जबड्याखाली बांधत होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलीस आले, दांडा घेऊन गेले. त्याच्यावर केस झाली, माझ्यावरही झाली. मी तारखांना जातो. तानाजी जामिनावर सुटला, आता तो चाकं बदलायच्या दुकानात बसतो आणि चालताना पाय ओढतो. लोक मला सांगतात, "मिस्त्री, जिरवलासा त्याची." मला काही जिरवल्यासारखं वाटत नाही. तो समोरून आला की मला त्याचा दुसरा गुडघा दिसतो, आणि मी रस्ता बदलतो.

सुरेखा सरकारी दवाखान्यात होती. जबडा तारांनी बांधलेला, हातात सळी. मी आणि भाभी रोज जायचो. आणि तिथे, दवाखान्याच्या त्या फिनेलच्या वासात, मी विचारायला सुरुवात केली. कधीपासून मारत होता? पातेल्यानं मारलं का? तू सांगितलं का न्हाईस? मी विचारत सुटलो होतो. तिच्या नळीतून पातळ पेज जात होती. ती नुसती माझ्याकडे बघायची. तोंड उघडायला डॉक्टरांची सहा आठवडे मनाई होती. मी विचारलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, आणि तारा काढायच्या दिवशी तिची थोरली बहीण तिला दवाखान्यातूनच परस्पर गडहिंग्लजला घेऊन गेली.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. खोली चालू आहे. बंद करू म्हणून मी एकदा अडून बसलो होतो. भाभी म्हणाली, "खोलीनं मारलं व्हय तिला? मारलं त्यानं, आनि गप बसलो आपुन." दारावरचा खडू तिनेच ओल्या फडक्याने पुसला. आता आम्ही दोघंही सगळ्यांना विचारतो. पुष्कळ लोक चिडतात. काही जण यायचे बंद झाले, वस्तू मोडली की आपल्या घरातच दडवतात. पण गेल्या वर्षी एका सुनेने इस्त्री आणून ठेवली, आणि मी विचारल्यावर उत्तर न देता पाठमोरी होऊन पोलकं वर केलं. पाठीवर इस्त्रीचं टोक उमटलेलं होतं. त्याच दुपारी भाभी तिला तिच्या माहेरी पोचवून आली. हे मी आमचं कौतुक म्हणून सांगत नाही. उशिरा आलेल्या शहाणपणाचं कसलं कौतुक?

गडहिंग्लजला जायची मात्र छाती होत नव्हती. यंदा धुराडी पेटली आणि चार रात्री मला झोप लागली नाही. भाभीने सरळ पिशवी भरली. "चला," म्हणाली. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. सुरेखा बहिणीबरोबर शेंगा फोडायच्या गिरणीत कामाला आहे. दुपारच्या सुट्टीत ती घरी आली. चेहरा थोडा वाकडा राहिलाय, डावा हात पूर्ण सरळ होत नाही. आम्हाला बघून ती हसली, एका बाजूने. "आक्का, हे आमचे मिस्त्री मामा," तिने बहिणीला सांगितलं. आमचे म्हणाली.

चहा झाला. मी मान खाली घालून म्हणालो, "सुरेखा, आमी तुला कवा इचारलं न्हाय."

"व्हय. न्हाईसा इचारलं."

ती थोडा वेळ उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मामा, माज्या घरात भांडी न्हवती व्हय? बापानं रुखवतात बारा पातेली दिलती. माळ्याव हायत, एकाला बी पोचा न्हाय. त्यो घरात यायच्या येळंला मी तुमचं पातेलं हाताशी ठेवत हुतो. मारायला लागला की तेच आडवं धरत हुतो. माझं मोडलं आस्तं तर कोन इचारनार? खोलीचं मोडलं म्हंजी मिस्त्री मामा तरी इचारतील, आसं वाटायचं. म्हनून उबी ऱ्हात हुतो."

भाभीने तोंडाला ओढणी लावली.  माफी मागायला गेलो होतो, ती मागितली नाही. त्या शब्दाचा तिला काय उपयोग? बहीण भिंतीला टेकून उभी होती. कुणीतरी बोलायला हवं होतं.

"पोरी," मी म्हणालो, "पयल्यांदा काय मोडलं? तितनं सांग."

 मग तिने पाय पोटाशी घेतले आणि सांगायला लागली. बहिणीने तिच्यासाठी गिरणीत निरोप पाठवला. दुपारची एसटी गेली, चारची गेली, साडेपाचचीही गेली, आणि ती अजून पहिल्याच हंगामावर होती.